नाचून पोट भरतं का?

आमच्या शेजारच्या काकू तशा मोजकंच बोलतात. पण परवा संध्याकाळी तुळशीला पाणी घालता घालता त्यांनी कुंपणावरूनच विचारलं, "तू पेपरात लिहितेस, जगाचं वाचतेस. मला एक सांग, नाचून पोट भरतं का गं?"

प्रश्नामागचं कारण मला ठाऊक होतं. त्यांची नात यंदा बारावी झाली. सहाव्या वर्षापासून कथ्थक शिकतेय. वडिलांचं म्हणणं, बी.कॉम. कर, नाच काय, शनिवार-रविवार आहेच की. पोरीचं म्हणणं, मला पुण्याला ललित कला केंद्रात जाऊन नृत्यातच पदवी घ्यायचीय. गेले पंधरा दिवस त्या घरात अबोला आहे, ताटं वाढताना भांडी जरा जास्तच वाजतात, ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं.

मी काही बोलायच्या आत नातच मोबाइल घेऊन बाहेर आली. "मावशी, हे बघ. आजी, तू पण बघ."

व्हिडिओ पॅरिसचा होता. २४ डिसेंबर २०१९, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशीचा. पाले गार्निए नावाचं तिथलं जुनं, राजवाड्यासारखं ऑपेराचं थिएटर. त्याच्या दाराबाहेर, उघड्यावर, पांढऱ्याशुभ्र पिसांसारख्या पोशाखातल्या मुली 'स्वान लेक' नाचत होत्या. भर हिवाळा. बघणारे कोटांत गुरफटलेले, वाजवणारे वादक कोटांत, आणि नाचणाऱ्यांचे हात-खांदे उघडे. मागे फलक लावलेला: पॅरिस ऑपेरा संपावर आहे.

"संप?" काकूंनी चष्मा सारखा केला. "नाचणाऱ्या बाया संपावर जातात?"

जातात. आणि तोही पेन्शनसाठी! हे ऐकल्यावर काकूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्यांचे यजमान एसटीत होते, त्यामुळे संप आणि पेन्शन हे दोन शब्द त्या घराला नवीन नाहीत.

मैत्रिणींनो, त्या रात्री मी या विषयाच्या मागेच लागले. आपल्याकडे बॅले म्हटलं की जुन्या लोकांना सचिन शंकर यांचं बॅले युनिट आठवतं, पण ती आपली नृत्यनाट्यं. युरोपातला बॅले, तो पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून करायचा नाच, आपण पाहिलाय तो चित्रात, फार तर एखाद्या चावीच्या डबीतल्या बाहुलीत. ती बाहुली गोल गोल फिरते, चावी संपली की थांबते. तिला पगार किती, सुट्टी किती, चावी संपल्यावर ती काय करते, हे आपण कशाला विचारणार?

तर पॅरिस ऑपेराच्या बॅले कंपनीत दीडशेच्या आसपास नर्तक-नर्तकी आहेत. त्यांना महिन्याचा पगार मिळतो. आपल्याकडे सरकारी नोकरीत असतात तशा तिथे पायऱ्या आहेत. सगळ्यांत खालची कॅड्रिल, मग कोरिफे, मग सुजे, मग प्रमिए आणि सगळ्यांत वर एत्वाल, म्हणजे तारा. पिढ्यान्‌पिढ्या पद्धत अशी की वरची पायरी चढायची तर परीक्षेला बसायचं. जिच्या शेजारी उभं राहून रोज नाचायचं, जिच्याकडून केसांच्या पिना उसन्या घ्यायच्या, तिच्याविरुद्धच. एत्वाल मात्र परीक्षा देऊन होता येत नाही. ते वरून ठरतं, आणि एखाद्या रात्री प्रयोग संपल्यावर, पडदा पडायच्या आधी, प्रेक्षकांसमोर जाहीर होतं. १० जून २०२१ ला 'रोमिओ आणि ज्युलिएट'च्या प्रयोगानंतर से उन पार्क या कोरियन मुलीचं नाव असंच पुकारलं गेलं. पॅरिसच्या कंपनीतली ती पहिली आशियाई एत्वाल. साता समुद्रापलीकडची भाषा, माणसं, सगळं परकं, आणि तिथे दहा वर्षं खालच्या पायऱ्यांवरून चढत गेलेली. मी तो क्षण दोनदा पाहिला, दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं.

पण तारे होतात ते मूठभर. बाकीच्या जणी आयुष्यभर रांगेत नाचतात. ही रांग म्हणजे काय ते 'ला बायादेर' या बॅलेत दिसतं. रुडॉल्फ नुरेयेव्हने १९९२ मध्ये पॅरिससाठी तो बसवला, ते त्याचं शेवटचं मोठं काम. त्यात बत्तीस जणी पांढऱ्या पोशाखात एकेक करून उतारावरून खाली येतात. प्रत्येकीने एका पायावर उभं राहून दुसरा मागे उंच न्यायचा, सरळ व्हायचं, दोन पावलं पुढे, पुन्हा तेच. जी सगळ्यांत पुढे असते तिला ती एकच गोष्ट चाळीसेक वेळा करावी लागते. एकीचा घोटा जरा डळमळला तर बत्तिसांची रेघ मोडते. बरोबर केलं तर तुमच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, चुकलं तरच जातं. (सासरी नवीन आलेल्या सुनेला हे वेगळं सांगायला नको!) या 'बायादेर' शब्दाचं मूळ आपल्याजवळचं आहे बरं का. हिंदुस्थानातल्या देवळांत नाचणाऱ्या बायकांना पोर्तुगीज लोक 'बायलादेरा' म्हणत, आपल्या गोव्यातल्या कलावंतिणींनाही तेच नाव. त्या शब्दाचं फ्रेंच रूप बायादेर झालं आणि थेट बॅलेच्या नावात जाऊन बसलं.

यांचा दिवस कसा असतो? सकाळी आधी दीडेक तासाचा वर्ग. पहिल्या वर्षाची मुलगी असो की एत्वाल, सगळ्यांनी भिंतीलगतच्या दांड्याला धरून त्याच पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची. आपल्या गाणाऱ्या बायका पहाटे खर्ज लावतात तसंच. मग दुपारभर तालमी, आणि हंगाम असला की रात्री प्रयोग. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र, सकाळी पुन्हा तो दांडा.

आणि ते बूट! मला वाटायचं आत लाकूड असेल. तसं काही नसतं. कापडाचे, कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून टोक कडक केलेलं असतं. लंडनच्या फ्रीड या नामांकित कंपनीत हे बूट हातानं बनतात, प्रत्येक कारागिराची तळाला स्वतःची खूण असते. एखाद्या नर्तकीला वर्षानुवर्षं त्याच खुणेचे बूट लागतात, आपल्याला ठरावीक शिंप्याकडचाच ब्लाऊज लागतो तसे. फिती मात्र जिच्या तिने स्वतः सुईदोऱ्याने शिवायच्या. नवे बूट आवाज करतात म्हणून ते जमिनीवर आपटायचे, वाकवायचे, मऊ करायचे. एवढं करून एखादा जोड एका प्रयोगातच बाद होतो.

बूट बदलता येतात, हाडं कुठून बदलणार? मिस्टी कोपलंडची गोष्ट तुम्ही कदाचित वाचली असेल. अमेरिकेतली कृष्णवर्णीय मुलगी, सहा भावंडं, काही काळ तर कुटुंबाचा मुक्काम मोटेलच्या खोलीत. बॅले शिकायला लागली तेराव्या वर्षी, म्हणजे तिथल्या मानाने फारच उशिरा. २०१२ मध्ये 'फायरबर्ड'मध्ये तिला पहिली मोठी भूमिका मिळाली, तेव्हा तिच्या नडगीच्या हाडाला सहा ठिकाणी तडे गेले होते. तशीच नाचली, मग शस्त्रक्रिया झाली. अनेकांना वाटलं आता संपलं. २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तकी झाली. त्या कंपनीच्या ७५ वर्षांत त्या जागेवर पोचलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री! २०२२ मध्ये तिला मुलगा झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तिने त्या रंगमंचाचा निरोप घेतला. तडे गेलेल्या हाडावर नाचणं हे कौतुकाचं की काळजीचं, मला ठरवता येत नाही. आपल्याकडेही ताप अंगात घेऊन लग्नघरात राबणाऱ्या बाईचं कौतुकच होतं ना.

वजनाचं तर विचारू नका. पॅरिसच्या शाळेत मुलं घेतानाच उंची, वजन, पायाची ठेवण पाहतात. पुढे आरशासमोर दिवसाचे आठ-आठ तास. कमी खाणं, पाळी बंद होणं, कोवळ्या वयात हाडं ठिसूळ होणं हे या व्यवसायातलं जुनं दुखणं. न्यूयॉर्क सिटी बॅलेची जेनिफर रिंगर खाण्याच्या विकारामुळे नव्वदीच्या दशकात कंपनीतून बाहेर पडली होती. सावरली, परत आली, आई झाली, पुन्हा नाचली. २०१० च्या नोव्हेंबरात 'नटक्रॅकर' पाहून एका मोठ्या वृत्तपत्राच्या समीक्षकाने तिच्या अंगावर शेरा मारला, हिने मिठाई जरा जास्तच खाल्लेली दिसतेय अशा अर्थाचा. रिंगर टीव्हीवर आली. रडली नाही, त्याची माफीही मागितली नाही. मी काही स्थूल नाही, आणि कंपनीत निरनिराळ्या अंगकाठीच्या नर्तकी आहेत, हे तिने शांतपणे सांगितलं. तीनेक वर्षांनी, स्वतःच्या वेळेला, ती निवृत्त झाली. आपल्या गल्लीत "अगं, किती सुटलीस!" हे वाक्य नमस्काराच्या जागी वापरणाऱ्यांनी हे एकदा जरूर ऐकावं.

दीडशे वर्षांपूर्वी तर याहून वाईट होतं. पॅरिसच्या ऑपेरात शिकणाऱ्या मुलींना 'उंदीर' म्हणत, छोटे उंदीर. बहुतेकी गरीब घरच्या. वर्षाची जागा विकत घेणाऱ्या श्रीमंत पुरुषांना रंगमंचामागच्या दालनात जायची मुभा असे. ते तिथे का जात, ते सगळ्यांना माहीत असे, आयांनासुद्धा. एदगार देगा या चित्रकाराचं 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' हे शिल्प जगभर गाजलंय. ती मुलगी खरी होती, मारी व्हान गेटेम, एका धोबिणीची लेक. १८८१ मध्ये ते शिल्प प्रदर्शनात आलं तेव्हा लोकांनी त्या पोरीच्या चेहऱ्याला नावं ठेवली, माकड म्हटलं. पुढच्याच वर्षी ऑपेराने तिला कामावरून काढलं. शिल्पाच्या प्रती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

आणि एमा लिव्हरी. १८६२ मध्ये तालमीच्या वेळी गॅसच्या दिव्याने तिच्या झिरझिरीत घागऱ्याने पेट घेतला. आठ महिने भोगून ती गेली. वय अवघं वीस. आग लागू नये म्हणून कापड औषधात बुडवायची सोय तेव्हा निघाली होती, पण त्याने घागरा मळकट आणि ताठ दिसतो म्हणून तिने ते नाकारलं होतं. आपल्याकडे स्टोव्हचे भडके आणि नायलॉनच्या साड्या यांच्या बातम्या ज्यांनी वाचल्यात, त्यांना हे दूरचं वाटायचं नाही.

आता पेन्शनकडे येते, कारण काकूंचा जीव तिथेच अडकलाय. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने १६९८ मध्ये ऑपेराच्या कलावंतांसाठी निवृत्तिवेतन सुरू केलं. आपल्याकडे शिवाजी महाराजांना जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. तिथपासून ती सोय या ना त्या रूपात चालत आली. निवृत्तीचं वय आज ४२ आहे, बायकांना आणि पुरुषांनाही. पूर्वी बायकांना चाळिसाव्या वर्षीच घरी पाठवत आणि पुरुषांना पंचेचाळीसपर्यंत ठेवत! वयाची पाच वर्षं बाई आधी म्हातारी होते, हे तिथल्याही कुणा शहाण्याने ठरवलं होतं.

२०१९ मध्ये फ्रेंच सरकारने ठरवलं की अशा सगळ्या खास पेन्शन योजना मोडून सगळ्यांना एकच नियम लावायचा. योगायोग बघा, त्या योजनाही ४२ च होत्या. देशभर रेल्वेवाले, मेट्रोवाले संपावर गेले. नर्तकही गेले. ऐन नाताळच्या हंगामात प्रयोगांमागून प्रयोग रद्द झाले. मग सरकारने तोडगा काढला: आता जे कंपनीत आहेत त्यांचं पेन्शन जसंच्या तसं राहील, २०२२ पासून जे नवे येतील त्यांनाच नवा नियम. म्हणजे त्या पायऱ्यांवर नाचणाऱ्यांपैकी एकीचंही काही बिघडत नव्हतं. तरी त्यांनी नको म्हटलं. शाळेत आज ज्या आठ-दहा वर्षांच्या पोरी दांडा धरून उभ्या आहेत, त्यांच्यावर आम्ही हे ढकलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि मग त्या थंडीत बाहेर येऊन नाचल्या.

२०२० मध्ये करोना आला, ती सुधारणा गुंडाळली गेली. २०२३ मध्ये सरकारने पुन्हा पेन्शनला हात घातला, काही खास योजना नव्या नोकरदारांसाठी बंद केल्या. ऑपेराची मात्र तशीच ठेवली.

हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते खरं. पण माझी आई पासष्ट वर्षांची होईपर्यंत चिखलात वाकून भात लावत होती. तिच्या गुडघ्यांना कुठल्या राजाने पेन्शन दिलं?"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आजही नाही. तिकडेही हा प्रश्न विचारणारे होतेच. आमच्या करातून यांना बेचाळिसाव्या वर्षी का पोसायचं, असं म्हणणारे. मला एवढंच वाटतं की काकूंच्या आईला मिळालं नाही म्हणून त्या मुलींचं काढून घ्यावं, हा काही न्याय नाही. पण मग भात लावणारीचं काय, अंगणवाडीतल्या ताईंचं काय, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो राहू दे.

शिवाय बेचाळीस म्हणजे काही शेवट नव्हे. ओरेली द्युपाँने मे २०१५ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी निरोपाचा प्रयोग केला आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीची नृत्यदिग्दर्शक होऊन परत आली, २०२२ पर्यंत ती जागा सांभाळली. न्यूयॉर्कची वेंडी व्हीलन सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत नाचली, मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया झाली. नाच सुटणार या कल्पनेनेच ती किती मोडली होती, ते तिच्यावरच्या माहितीपटात दिसतं. तिला पेन्शनची नव्हे, उद्या सकाळी उठून कुठे जायचं याची भीती होती. २०१९ मध्ये तीही आपल्या जुन्या कंपनीच्या कारभारात आली. या झाल्या मोठ्या नावांच्या. रांगेतल्या कुणी शिकवतात, कुणी फिजिओथेरपी शिकतात, कुणी चाळिशीत कॉलेजला नाव घालतात. अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांत तर वर्षाचे ठरावीक आठवडेच काम आणि पगार, मधल्या आठवड्यांत बेकारभत्ता. तिथल्या मुली नाचत असतानाच दुसरं काहीतरी शिकून ठेवतात.

आपल्याकडच्या कुणाला हे जमलंय का, असंही नातीच्या बाबांनी विचारलं. (हो, ते आता कुंपणाशी येऊन उभे राहू लागलेत.) मुंबईच्या साध्या घरांतली दोन मुलं यहुदा माओर या इस्रायली गुरूंकडे बॅले शिकून परदेशापर्यंत पोचली. त्यांच्यावरून सुनी तारापोरवाला यांनी २०२० मध्ये 'ये बॅले' हा सिनेमा केला. पण ती दोघं मुलगे, हेही मी सांगून टाकलं. खोटी आशा कशाला दाखवायची? आपल्याकडे नाचणाऱ्या मुलीला महिन्याचा पगार देणारी, बाळंतपणाची रजा देणारी, गुडघा गेला तर डॉक्टरचा खर्च उचलणारी कंपनी शोधायला गेलं तर हाताची बोटंही जास्त होतील. त्यांच्या लेकीला क्लास काढावा लागेल, शाळेत शिकवावं लागेल, कार्यक्रमांसाठी गावोगाव फिरावं लागेल. पोट भरतं का? भरतं, पण नुसत्या नाचण्याने क्वचितच भरतं. बी.कॉम. केलेल्या मुलींचं नुसत्या बी.कॉम.वर किती भरतं, हेही त्यांनी बँकेत विचारून पाहावं, असं मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. चहा न घेताच गेले.

काल दुपारी खीर द्यायला म्हणून त्यांच्याकडे गेले, तर नात पडवीत पाय पसरून बसलेली. अबोला सुटलाय की नाही ते विचारायचं धाडस झालं नाही. रोज दगडी फरशीवर तत्कार करून तिच्या टाचा चांगल्याच उललेल्या. काकू समोर पाटावर बसून कोकमाचं तेल निखाऱ्यावर पातळ करत होत्या.

"ये गं," मला म्हणाल्या. "त्या तिकडच्या मुलींच्या पायाला काय लावतात, ते वाचलंस का कुठे?"

नाही वाचलं, मी म्हटलं.

"वाच मग," म्हणाल्या, आणि नातीचा पाय मांडीवर घेऊन तेल भरायला लागल्या. मोबाइलवर ललित कला केंद्राचा अर्ज उघडलेला होता. जन्मतारखेपर्यंत भरला होता, पालकांच्या सहीची जागा अजून रिकामी होती.